झीज: पंढरीची पावले आणि संगणकाची साठवण

वापराने होणारी झीज दोन प्रकारची असते, आणि हा भेद मराठीने आधीच करून ठेवला आहे. लोकांसाठी आयुष्य वेचणारा माणूस ‘चंदनासारखा झिजला’ असे म्हणतात. एखाद्या कामासाठी हेलपाटे घालून हाती काहीच लागले नाही, तर ‘उंबरठे झिजवले’ असे म्हणतात. सहाणेवर उगाळल्याने खोड कमी होते, पण कपाळाला गंध लागते. उंबरठा झिजतो तेव्हा लाकूडही जाते आणि कामही होत नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीच्या पावलांची झीज आणि संगणकातल्या एसएसडी या साठवणीची झीज हे विषय एकमेकांपासून दूरचे वाटतात. दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच आहे: यातली कोणती झीज चंदनाची आणि कोणती उंबरठ्याची?

विठ्ठलाची मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. कटेवर हात ठेवून ती विटेवर उभी आहे. बहुतेक मोठ्या देवस्थानांत भाविकाला गाभाऱ्याबाहेरूनच हात जोडावे लागतात. पंढरीत तसे नाही. दर्शनबारीतून सोळखांबी, चौखांबी हे मंडप ओलांडून भाविक थेट गाभाऱ्यात जातो आणि देवाच्या पायांवर हात आणि डोके टेकवतो. याला पदस्पर्श दर्शन म्हणतात. दुरून चेहरा पाहून पुढे सरकायचे ते मुखदर्शन, आणि त्याची रांग वेगळी असते. पायाला हात लागतो तो क्षणभरच. पण तेवढ्या वेळात तळव्याचा घाम, तेल आणि बुक्का दगडाला लागतो, अंगठी किंवा बांगडी घासते, वाहिलेली तुळस चुरडते. एका माणसाने दगडाचे काही बिघडत नाही. त्याच दोन पावलांवर, त्याच जागी, पिढ्यानपिढ्या हात पडत राहतात तेव्हा बोटांमधल्या खाचा बुजत जातात आणि कडा गोल होतात. रोममधल्या सेंट पीटर चर्चमध्ये संत पीटरचा कांस्य पुतळा आहे. यात्रेकरूंच्या स्पर्शाने त्याच्या उजव्या पायाची बोटे जवळजवळ सपाट झाली आहेत. कांस्याची ही गत असेल तर पाषाणाचे नवल वाटायला नको.

मोजून पाहिले तर वारीच्या काळातला भार ध्यानात येतो. आषाढी आणि कार्तिकी यात्रेआधी देवाचा पलंग काढतात. म्हणजे शेजारती थांबते आणि मंदिर चोवीस तास दर्शनाला उघडे राहते. मिनिटाला पंचवीस माणसे धरली तरी एका दिवसात ३६,००० वेळा पायांना हात लागतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा काढला जातो आणि मग पलंग पुन्हा आत येतो. देवही उभे राहून थकतो आणि त्यालाही विसावा लागतो, हे या परंपरेने विधीतूनच मान्य केलेले आहे.

हाताच्या जोडीला पंचामृताचा अभिषेक आहे. दही आंबट असते आणि मधही आम्लधर्मी असतो. साखरेचे कण चोळले की कानशीसारखे काम करतात, आणि दुधातुपाचा अंश खाचांत साठून राहतो. म्हणून झिजेचा प्रश्न ऐरणीवर आल्यावर पंचामृताच्या वापरावर बंधने आली आणि मूर्तीवर रासायनिक संवर्धनाची प्रक्रिया करावी लागली. व्यवहारात तिला वज्रलेप म्हणतात. तो १९८८, २००५ आणि २०१२ या वर्षी झाला. त्यानंतर जून २०२० मध्ये, करोनामुळे मंदिर बंद असताना, आषाढीच्या तोंडावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी तो पुन्हा केला. आजचा लेप आधुनिक रसायनांचा असला तरी शब्द जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यातल्या काढ्यात टेंभुर्णीची कच्ची फळे, कवठ, सावरीची फुले असे पदार्थ येतात. मूर्ती झिजणार आणि तिला जपावे लागणार, हे परंपरेला दीड हजार वर्षांपासून ठाऊक आहे.

इथे तत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. देव दगडात नाही असे म्हणणाऱ्याला झिजेची चिंता नसावी. देव दगडात आहे असे मानणाऱ्याला मात्र एकेका स्पर्शाची धास्ती वाटावी. वारकरी या दोन्ही टोकांना उभा नाही. त्याचा विठ्ठल सगुणही आहे आणि निर्गुणही. मूर्ती ही भेटीची जागा आहे, आणि भेट म्हटली की स्पर्श आलाच. नामदेवांनी महाद्वारात पायरीची जागा मागून घेतली ती संतांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून, अशी श्रद्धा आहे. म्हणजे लोकांच्या पायाखाली येणे हेच तिथे मागणे आहे. भाविक मात्र त्या पायरीवर पाय ठेवत नाहीत, तिला हात लावून कपाळाला लावतात आणि ओलांडून जातात. झिजायला तयार असलेल्याला झिजू द्यायचे नाही, ही रीत लोकांनी आपल्या मनाने घातली. जपणूक आणि भक्ती यांत विरोध नाही, याचा इतका साधा पुरावा दुसरा सापडणार नाही.

आता संगणकाकडे. एसएसडीमध्ये फिरणारी चकती नसते. माहिती फ्लॅश स्मृतीच्या सूक्ष्म सेलमध्ये विद्युतभाराच्या रूपाने राहते. नँड फ्लॅशची कल्पना १९८७ मध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांच्या चमूने जगापुढे मांडली. सेलमध्ये काही लिहायचे किंवा लिहिलेले खोडायचे म्हणजे इलेक्ट्रॉन ऑक्साइडच्या अतिशय पातळ पापुद्र्यातून पलीकडे ढकलायचे. दर खेपेला त्या पापुद्र्याला किंचित इजा होते, आणि पुरेशा खेपा झाल्या की सेलला भार धरून ठेवता येत नाही. एका सेलमध्ये एकच बिट ठेवणारी जुन्या पद्धतीची फ्लॅश सुमारे एक लाख खेपा सोसत असे. तीन बिट ठेवणारी सध्याची टीएलसी साधारण एक ते तीन हजार खेपा सोसते, आणि चार बिटांची क्यूएलसी त्याहून कमी. वाचण्याने मात्र जवळजवळ काहीच झीज होत नाही. मुखदर्शन आणि पदस्पर्श यांतला फरक इथे जसाच्या तसा भेटतो.

लिहिण्याचीही एक गोम आहे. फ्लॅशमध्ये लिहिताना एक पान लिहिता येते, पण खोडताना शेकडो पानांचा अख्खा ब्लॉकच खोडावा लागतो. एका पानातली चार अक्षरे बदलली की नवे पान दुसरीकडे लिहिले जाते. पुढे जुना ब्लॉक रिकामा करताना त्यातली चांगली पानेही उचलून हलवावी लागतात. म्हणून संगणकाने लिहिले त्याच्या दीडपट, दुप्पट, कधी त्याहूनही जास्त प्रत्यक्ष लेखन आत होते. एका टिळ्यापुरते गंध हवे असताना बोटभर खोड उगाळावे, तसा हा प्रकार. झीज एकाच जागी साचू नये म्हणून ड्राइव्हमधला नियंत्रक लेखन सगळ्या ब्लॉकांवर फिरते ठेवतो. मूर्तीला ही सोय नाही, कारण पावले दोनच. दोन उदाहरणांतला हा फरक मोठा आहे आणि तो विसरून चालणार नाही.

‘डिस्क कॅश’ या शब्दाने बराच गोंधळ होतो, कारण तो दोन उलट गोष्टींसाठी वापरला जातो. पहिलीत ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवरची माहिती रॅममध्ये धरून ठेवते. लिहायचे असेल तेही थोडा वेळ तिथे साठवते आणि मग एकदम खाली उतरवते. लिनक्समध्ये बदललेले पान साधारणपणे तीस सेकंद जुने झाले की डिस्कवर जाते. हे कॅशिंग झीज कमी करते, कारण त्या अवधीत एखादी फाइल दहा वेळा बदलली तरी डिस्कवर ती एकदाच लिहिली जाते. दुसरीत डिस्क स्वतःच तात्पुरते कोठार बनते. ब्राउझर पाहिलेल्या पानांची चित्रे साठवतो, व्हिडिओ संपादनाचे सॉफ्टवेअर मधल्या प्रती लिहिते, गाण्यांचे ॲप ऐकलेली गाणी ठेवते, आणि रॅम अपुरी पडली की ऑपरेटिंग सिस्टीम तिचा भार स्वॅप फाइलमध्ये टाकते. हे कॅशिंग झीज वाढवते. नुसते ‘कॅश बंद करा’ असे सांगणारा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे, कारण कोणता कॅश हे न विचारता तो अमलात आणला तर झीज उलट वाढू शकते.

ड्राइव्हने आजवर किती लेखन सोसले याची नोंद तो स्वतःच ठेवतो. स्मार्ट या नावाच्या या नोंदी वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल ही साधने आहेत. एनव्हीएमई प्रकारच्या ड्राइव्हमध्ये ‘डेटा युनिट्स रिटन’ असा आकडा असतो आणि त्यातले एक युनिट ५,१२,००० बाइटचे असते. समजा, सोमवारी हा आकडा ४,००,००,००० होता. म्हणजे तोवर सुमारे २०.५ टीबी लेखन झाले. पुढच्या सोमवारी तो ४,०५,६०,००० झाला. फरक ५,६०,००० युनिटांचा, म्हणजे आठवड्याला सुमारे २८७ जीबी आणि दिवसाला ४१ जीबी. पाचशे जीबीच्या टीएलसी ड्राइव्हला कंपन्या साधारणपणे ३०० टीबी लेखनाची हमी देतात. त्यातले उरलेले २८० टीबी या वेगाने संपायला अठरा वर्षांहून जास्त काळ लागेल. चिंतेचे कारण नाही. पण दिवसाला ४१ ऐवजी ४१० जीबी निघाले, तर तीच हमी दोन वर्षांच्या आत संपते. पंढरपुरातल्या एखाद्या मठाच्या कार्यालयात निवास-नोंदणी आणि पावत्या यांपलीकडे काम नसलेल्या संगणकावर असा आकडा दिसला, तर कोणीतरी विनाकारण उंबरठा झिजवत आहे हे नक्की समजावे.

मग तो कोण, हे शोधायचे. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर उघडून डिस्कच्या पानावर ‘राइट’ रकान्याने क्रम लावला, की सर्वांत जास्त लिहिणारा प्रोग्रॅम आणि त्याची फाइल वर येते. लिनक्सवर आयोटॉप हेच काम करतो, आणि त्याला बेरीज साठवत राहायला सांगता येते. क्षणापुरता आकडा फसवतो, म्हणून निदान तासभर पाहावे, तेही संगणकावर कोणी काम करत नसताना. रिकाम्या घरात नळ वाहत असेल तर आवाज तेव्हाच ऐकू येतो. २०१६ मध्ये स्पॉटिफायचे संगणकावरचे ॲप असेच पकडले गेले. गाणी वाजत नसतानाही ते आपली माहितीसाठ्याची फाइल पुन्हा पुन्हा नव्याने लिहीत होते आणि त्यातून दिवसाला अनेक जीबी लेखन होत होते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये दुरुस्त आवृत्ती आली. फायरफॉक्स उघड्या टॅबची स्थिती मुळात दर पंधरा सेकंदांनी जतन करतो. त्यात दर वेळी बदल होत राहिला तर दिवसात ५,७६० वेळा. संगणक अचानक बंद पडला तर टॅब परत मिळावेत म्हणून ही सोय आहे, आणि अंतर दोनतीन मिनिटांवर नेले तरी सोय राहते आणि लेखन बरेच घटते.

युनिक्सच्या जुन्या रिवाजात तर वाचण्याचेही लेखन होत असे. कोणतीही फाइल कोणी नुसती उघडून वाचली, की ‘शेवटचे वाचन केव्हा’ ही वेळ डिस्कवर लिहिली जाई. पाहिल्याची नोंद राहावी एवढ्यासाठी वस्तू झिजवायची, अशी ही तऱ्हा होती. २००९ पासून लिनक्सने ही नोंद मोजक्याच प्रसंगी ठेवण्याची पद्धत मूळ मांडणीत आणली, आणि ती पुरती बंदही करता येते. तिच्यावाचून जवळजवळ कोणाचेच अडत नाही. झिजेतून काहीच निपजत नसल्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

उपायांचा क्रमही यातूनच ठरतो. जे पुन्हा मिळवता येते ते रॅममध्ये ठेवावे. ब्राउझरचा कॅश किंवा तात्पुरत्या फाइली रॅममधल्या टीएमपीएफएस या फाइलप्रणालीवर नेता येतात. संगणक बंद झाला की त्या जातात, आणि त्या गेल्याचे कोणाला दुःख नसते. स्वॅपचे लेखन जास्त असेल तर ड्राइव्हला दोष देऊ नये. मुळात रॅम कमी आहे, ती वाढवावी किंवा उघडे प्रोग्रॅम कमी करावेत. संपादनाचा अवजड कॅश जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर न्यावा, कारण तिला लेखनाची अशी झीज नसते. ड्राइव्ह काठोकाठ भरू देऊ नये. मोकळी जागा असली की आतली उचलठेव कमी होते. मात्र झिजेच्या भीतीने फाइलप्रणालीची जर्नल नोंद, म्हणजे बदल पक्का होण्याआधी ठेवलेली त्याची नोंद, बंद करू नये. ती नसताना वीज गेली की सगळा मजकूरच धोक्यात येतो. ज्या लेखनाने मजकूर सुरक्षित राहतो ते चंदनाचे लेखन, आणि ते होऊ द्यावे. आणि आठवड्याची मोजणी ठीक आली असेल तर पुढे काहीही करू नये. आजचे ड्राइव्ह सामान्य वापरात झिजून मरण्याआधी जुने होऊनच बाजूला पडतात.

झीज दिसली की बंदी घालण्याकडे हात आधी वळतो. पंढरपुरात त्याला एक वेगळाच अर्थ आहे, आणि इथे थांबून विचार करायला हवा. या मंदिरात कोणाच्या हाताने देव विटाळतो हा प्रश्न शतकानुशतके विचारला गेला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांना आत येता आले नाही आणि त्यांची समाधी महाद्वारासमोर, बाहेरच आहे. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले आणि ते १० मे रोजी सुटले. म्हणजे पायांना हात लावण्याचा हक्क ज्यांना झगडून मिळाला, त्यांच्या नातवंडांपुढे आज झिजेचे कारण ठेवले जाते. कारण खरे असले तरी त्याचा उपाय माणसांची प्रतवारी करणारा असता कामा नये. काहींना स्पर्श आणि काहींना दुरूनच, ओळख असलेल्याला रांगेविना आणि रानातून आलेल्याला दर्शनरांगेच्या पत्राशेडमध्ये अठरा तास, अशी वाटणी झीज कमी करत नाही. ती फक्त झिजवण्याचा हक्क वाटून देते. १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने आणि जानेवारी २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले आणि कारभार शासननियुक्त समितीकडे आला. त्यामुळे आता हा निर्णय सार्वजनिक आहे आणि त्याची कसोटीही सार्वजनिकच असायला हवी.

कसोटी हीच, की जे नसले तरी भेटीला उणेपणा येत नाही, ते आधी कमी करावे. आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत आलेल्या वारकऱ्याचा हात पायांवरून काढून घेतला, तर त्याच्या वारीतले काहीतरी खरोखर जाते. पंचामृताचा अभिषेक मूळ मूर्तीऐवजी दुसरीकडे झाला तर पूजेत काहीच उणे राहत नाही. म्हणून मर्यादा आधी अभिषेकावर आणि मग स्पर्शावर, हा क्रम न्यायाचा आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये रासायनिक संवर्धन झाले आणि तिथे अभिषेक उत्सवमूर्तीवर होतात. देवी तीच राहते आणि दगड वाचतो.

वारकरी परंपरेने तर भार वाटून घेण्याच्या अनेक जागा आधीच निर्माण केल्या आहेत. ज्ञानदेवांची समाधी आळंदीतून हलत नाही, पालखीतून त्यांच्या पादुका निघतात आणि वाटेवरच्या गावागावांत लोक त्यांवर डोके ठेवतात. पादुका झिजल्या तर नव्या घडवता येतात, समाधी पुन्हा घडवता येत नाही. सोळखांबीतल्या गरुडखांबाला भाविक कडकडून मिठी मारतात, आणि त्या खांबाला धातूच्या पत्र्याचे आवरण आहे. ज्याला आत जाणे जमत नाही तो कळसाला हात जोडून परततो, आणि त्याची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. २०२० च्या आषाढीला तर संतांच्या पादुकाच एसटीच्या गाडीतून पंढरीला आल्या. त्या वर्षी रस्त्यावर दिंड्या नव्हत्या, तरी वारीची परंपरा खंडित झाली नाही. त्यानंतर, करोनामुळे थांबलेले पदस्पर्श दर्शन २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला सुरू झाले. मंदिराच्या जतन-संवर्धनाच्या कामासाठी ते मार्च २०२४ मध्ये पुन्हा थांबले आणि २ जून २०२४ ला परत सुरू झाले. दरम्यान मुखदर्शन चालू होते, आणि लोक तेवढ्यासाठीही रांगेत उभे होते.

दर्शनबारीत उभ्या राहणाऱ्याने अंगठी काढून ठेवावी, हात कोरडे करावेत, डोके टेकवावे पण हात घासू नये, आणि पुढे सरकावे. संगणकावर काम करणाऱ्याने एका सोमवारी लेखनाचा आकडा कागदावर उतरवावा, पुढच्या सोमवारी पुन्हा पाहावा, आणि मगच काय बंद करायचे ते ठरवावे.